आत्याचं लग्न आणि गुलाबी खुराडं

मी हात लावलेलं काम पुन्हा करावं लागत नाही. आमच्या बॅरल बेटावर हे मीच सांगत फिरतो, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही. लोकांचं म्हणणं असं की डेल्विन मुळात कामाला हातच लावत नाही, मग ते पुन्हा करायचा प्रश्न येतो कुठे? हा निव्वळ मत्सर आहे. बेट लहान असलं की मत्सर करायला माणसं पुरत नाहीत, मग सगळ्यांचा वाटा एकट्याच्या अंगावर येतो.

म्हणून ऑर्लीन आत्याच्या लग्नाआधी मी ठरवलं, या वेळी सगळ्यांची तोंडं एकदाच बंद करायची. आत्याचं घर रंगवून काढायचं! तेही एकट्याने, आणि ती लग्नाचा झगा आणायला राजधानीला, नासाउला गेली असताना. परत येऊन बघते तर काय, अशी तिची अवस्था झाली पाहिजे.

झाली. तिची तर झालीच, पण आणखी बऱ्याच जणांची झाली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जेटीसमोर तिचं घर, त्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या, आणि मागच्या पाचव्या खोलीत फुकटचा मी. कप्तान एलिशा बेथेल यांच्याशी तिचा साखरपुडा झाला त्याला एकोणीस वर्षं झाली. कप्तान आमची मेलबोट चालवतात. आठवड्यातून एकदा टपाल, बर्फ, सिमेंट, कांदे आणि माणसं घेऊन येतात. लग्न ठरलं तेव्हा पहिल्या वर्षी वादळाने चर्चचं छप्पर नेलं. मग बोटीचं इंजिन गेलं. मग कप्तानांची आई आजारी पडली आणि कितीतरी वर्षं मरणाच्या दारात खुर्ची टाकून बसून राहिली, कारण तिथून तिला होणाऱ्या सुनेवर नीट लक्ष ठेवता येत होतं. म्हातारी गेली. मग सुतक गेलं. मग यंदा आत्याने कप्तानांना कॉफी देता देता सांगितलं, "एलिशा, मेमधल्या पहिल्या शनिवारची भरती. त्या पाण्यात लग्न लागलं तर लागलं. नाही तर पुढच्या शनिवारपासून माझ्याकडे कॉफी पण नाही."

आमच्याकडे लग्न चढत्या पाण्यातच लागतं. पाणी उतरायला लागलं की पास्टर पुस्तक मिटतात. ओहोटीत लागलेल्या लग्नाचं पुढे काय होतं ते मला विचारू नका. बेटावर तशी दोन लग्नं आहेत आणि दोन्ही घरांतली भांडी जेटीपर्यंत ऐकू येतात.

तर, घर. आत्याचं घर गुलाबी. दरवर्षी गुलाबी. नासाउला जाताना ती गुलाबी रंगाचे डबे माझ्यापुढे ठेवून म्हणाली, जमलं तर भिंतींवरून एक हात फिरव. आता मला सांगा, लग्नाच्या वर्षी पण तेच? शिवाय उत्तरेकडचं हॉटेल बंद पडलं होतं आणि त्यांनी पांढऱ्या रंगाची पिंपं मागे सोडली होती. झगा पांढरा, केक पांढरा, घर पांढरं. नवरी कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं तेच कळू नये, अशी माझी कल्पना!

राहिले गुलाबी डबे. आत्याला नासाडी खपत नाही. ती माशाचं डोकंसुद्धा दोनदा उकळते. म्हणून मी तो रंग शेजारच्या हेझ काकांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दिला. खुराडं म्हणजे साधंसुधं समजू नका. मागच्या वादळानंतर काकांनी ते खांबांवर उचलून बांधलंय, पुढे कठडा आहे, जिना आहे. माझ्या खोलीला जिना नाही. काका म्हणाले, कोंबड्या लाजतील रे. पण रंग फुकटचा होता, त्यामुळे त्यांनी कोंबड्यांच्या वतीने संमती दिली.

नवऱ्याने झगा आधी बघायचा नसतो, म्हणून मेलबोट सोडून आत्या मासळीच्या होडीने परत आली, घरासमोर उभी राहिली, हातातली पेटी खाली ठेवली.

"डेल्विन," ती म्हणाली, "किती पांढरं आहे."

डोळ्यांत पाणी होतं. मी ते आनंदाचं धरलं.

लग्नाच्या दिवशी समुद्र ताटासारखा सपाट होता. ओहोटी संपत आली होती. पाणी तळाला जाऊन फिरलं की कप्तान येणार, येताना खुर्च्या, बर्फ आणि केक आणणार, आणि पाणी चढायला लागलं की घंटा वाजणार. सगळं बेट कडक कपडे घालून आत्याच्या अंगणात जमलं होतं. पास्टर रोल आले होते, हेझ काका टोपी घालून आले होते, आणि आत्याकडे उतरलेली मिस फिओना गळ्यात दुर्बीण अडकवून आली होती. मिस फिओना टोरांटोहून पक्षी बघायला येते. पक्षी दिसले नाहीत की इतिहास विचारते. मी तिला त्या सकाळी आमच्या बेटावरचे तीन समुद्री चाचे सांगितले. त्यातले दोन नाश्त्याच्या वेळी तयार केले होते.

खरा इतिहास सांगायची जरा लाज वाटते. आमचे पूर्वज चाचे नव्हते. चाच्यांना मेहनत करावी लागते, जहाजाचा पाठलाग करावा लागतो. आमचे पूर्वज बाजेवर पडून राहायचे आणि जहाजं आपण होऊन खडकावर येऊन फुटायची वाट बघायचे. फुटलं की होड्या घेऊन धावायचे. माणसं वाचवायची, माल उतरवायचा, आणि मालातला वाटा घ्यायचा. आमच्या चर्चची घंटा एका फ्रेंच जहाजाची. पास्टर ज्यावरून बोलतात ते लाकूड एका पोर्तुगीज जहाजाचं. आत्याचं जेवणाचं टेबल कुणाचं ते कुणालाच माहीत नाही, पण त्याला एका बाजूला भोक आहे आणि त्यातून दोर ओवत असत.

या सगळ्याला एकच नियम. रुतलेल्या जहाजाला ज्याचा हात पहिला लागेल, तो फुटीचा मास्तर. मग बाकी बेटाने त्याचं ऐकायचं. कुणी कधी उतरायचं, दोर कुणी टाकायचा, सगळं त्याच्या शब्दावर. आणि त्याआधी मास्तर सगळ्यांदेखत विचारतो, "कप्तान, जहाज कसं लागलं?" लागलं म्हणजे रुतलं, आणि कप्तानाने सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं. ते दिल्याशिवाय एक दोर पडत नाही. शेवटचं जहाज लागलं तेव्हा मी जन्मलो नव्हतो. केळ्यांचं होतं. मास्तर हेझ काका झाले होते, आणि अजूनही ते त्या मानाच्या उजव्या हाताने जड काही उचलत नाहीत.

असो. मेलबोट टोकाला वळसा घालून दिसली. पोरं ओरडली, पास्टरांनी कॉलर नीट केली. बोट आत शिरली, चांगली सरळ येत होती.

आणि थांबली.

जेटीला नाही. बाहेरच, पाण्यात. दोन-तीन जोरदार हाका मारल्या तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

आम्ही वाट बघितली. बोट हलेना. आता तुम्ही म्हणाल, वाळूत रुतली असेल. तुम्ही बाहेरचे आहात म्हणून तुम्हाला असं सुचतं. कप्तान एलिशा वाळूत जाणं हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. हा माणूस बंदरातल्या सरकारी दिव्यांना खेळणी म्हणतो. नकाशा त्याने एकदाच उघडला, तोही मासे गुंडाळायला. तेव्हा बोट थांबली याचा अर्थ एकच. बोट रुतली नव्हती, कप्तान रुतले होते.

"विचार करतोय," कुणीतरी हळूच म्हणालं.

"एकोणीस वर्षं काय करत होता मग?"

पास्टर खोकले. मोबाईल लावावा तर कप्तानांचा मोबाईल मागच्या आठवड्यापासून आत्याच्याच फळीवर होता. रेडिओवर हाक मारली, तर बोटीवरचा रेडिओ बंद. हे तर फारच वाईट. आमच्याकडे रेडिओ प्रत्येक स्वयंपाकघरात चालू असतो, तो बंद ठेवणारा माणूस काहीतरी लपवत असतो किंवा मेलेला असतो.

"मेलेला नाही," मिस फिओना दुर्बिणीतून बघत म्हणाली. तिचा आवाज आनंदी होता. "मासे पकडतोय."

पास्टरांनी पुस्तक काखेत मारलं.

"काठीला दोरा नाहीये," ती पुढे म्हणाली. पक्षी बघणारी माणसं बारकावे सोडत नाहीत.

आत्या व्हरांड्यात उभी होती. पांढऱ्या भिंतीपुढे, पांढऱ्या झग्यात, पांढऱ्या टोपीत तिचा फक्त चेहरा दिसत होता. माझी कल्पना इतकी हुबेहूब उतरलेली बघून मला एरवी आनंद झाला असता. पण त्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. तिने मला बोटानेच खूण केली, जा.

मी माझी छोटी होडी घेऊन गेलो. जवळ गेल्यावर दिसलं, बोट एका अंगाला अशी कलली होती की कप्तान सरळ बसले असूनही वाकडे दिसत होते. अंगात लग्नाचा काळा सूट, कोटाला फूल, हातात काठी. दोन खलाशी होते, त्यांना त्यांनी खाली कांद्यांच्या पोत्यांमागे बसवलं होतं.

"काय म्हणतोस डेल्विन," ते म्हणाले. "हवा छान आहे."

मी म्हटलं, कप्तान, बोट वाकडी आहे.

त्यांनी दोरा नसलेली काठी उगाच वर ओढून बघितली. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि इतक्या खालच्या आवाजात सांगितलं की मला ते ओठांवरूनच वाचावं लागलं. रुतली. आयुष्यात पहिल्यांदा. भोंगा वाजवला असता तर बेटावर सगळ्यात वेगवान होडी हेझची, तोच पहिला पोचला असता, आणि मग त्याच्यापुढे उभं राहून सगळ्यांदेखत सांगायचं? एलिशा बेथेलने? त्यापेक्षा गुपचूप बसायचं, पाणी चढलं की बोट आपोआप उठेल, कुणाला कळणार पण नाही. "तू कुणाला बोलायचं नाही. ऑर्लीनला तर नाहीच. आजच्या दिवशी तिने मला असं बघायला नको. घंटेची शपथ घे."

मी घंटेची शपथ घेतली. मग विचारलं, पण झालं कसं?

"तेच तर कळत नाही." त्यांनी किनाऱ्याकडे बोट केलं. "चर्चचं शिखर, त्याच्या बरोबर खाली गुलाबी घर. दोन्ही एका रेषेत आले की शिरायचं. तिथे खोल पाणी आहे. नेहमी तसंच येतो. आजही तसाच आलो. बघ ना, अजून बरोबर खाली आहे."

मी बघितलं. शिखर होतं. शिखराच्या बरोबर खाली उन्हात गुलाबासारखं फुललेलं हेझ काकांचं खुराडं होतं. कठड्यावर कोंबडा उभा होता.

इथे एक सांगायला हवं. तेव्हा कप्तानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे बेटाला माहीत होतं आणि आपल्याला माहीत आहे हे बेट कुणाला कळू देत नव्हतं. कप्तानांना लांबची वस्तू दिसत नसे, वस्तूचा रंग दिसे. तांबडं म्हणजे दुकान, निळं म्हणजे शाळा, गुलाबी म्हणजे...

माझ्याकडे आता दोन गुपितं होती आणि तोंड एकच, तेही शपथेने शिवलेलं. मी होडी वळवली.

आत्या जेटीवर येऊन उभी होती. मागे सगळं बेट.

"काय म्हणाला?"

मी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. तिला बघून सगळी विसरलो. जे खरं आणि शपथेत बसणारं होतं तेवढंच तोंडातून आलं.

"थांबा म्हणाले."

आत्याने टोपीतली पिन काढली. टोपी काढली. घरात गेली, झग्यावरच रोजचा निळा एप्रन बांधून बाहेर आली, आणि खेकड्याच्या भाताचं मोठं पातेलं अंगणात आणून ठेवलं.

"जेवून घ्या सगळे," ती म्हणाली. "भात वाया जायला नको."

ते जेवण मी विसरणार नाही. खेकड्याचा भात, शंखातल्या मांसाची गरम भजी, आणि कुणी मान वर करत नाही. आत्या एकेकाला आग्रह करून वाढतेय. एकोणीस वर्षांत ज्या बाईने कुणाकडे तक्रार केली नाही ती पास्टरांना विचारतेय, मीठ बरोबर आहे का. पास्टरांनी दुःखाने तिसऱ्यांदा भात घेतला. पाणी चढत होतं. मी भज्यांचं ताट घेऊन तिच्यामागे फिरत होतो आणि ठरवत होतो की घंटा फ्रेंच आहे, फ्रेंच घंटेची शपथ मोडली तर फार लागत नसावं.

तेवढ्यात हेझ काकांनी मिस फिओनाकडून दुर्बीण मागून घेतली. नवरदेवाला काही मासा लागला का बघू, म्हणाले. एका हातात भजं, एका हातात दुर्बीण. बघता बघता भज्याचा हात खाली आला.

"तांबडं दिसतंय," ते म्हणाले.

बोटीचा पाण्याखालचा भाग तांबडा असतो. तो दिसायचं काही कारण नसतं.

"अरे, तांबडं दिसतंय! रुतलाय तो!"

काय सांगू तुम्हाला. क्षणापूर्वी सुतकात बसलेलं बेट! ताटं खाली, खुर्च्या आडव्या. इतक्या वर्षांनी जहाज लागलंय! ज्यांना चालायला काठी लागते ते काठी विसरून पळाले. पास्टरांनी झगा वर खोचला आणि रक्तातच असतं म्हणतात ते डोळ्यांदेखत दाखवून दिलं. हेझ काका सगळ्यात पुढे, उजवा हात उंच धरून.

आत्या मात्र पातेल्याजवळ तशीच उभी होती.

"रुतलाय?" तिने मला विचारलं. "थांबलेला नाही?"

"रुतलेत."

"तुला माहीत होतं."

"शपथ होती आत्या."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग पळीतला भात पातेल्यात परत टाकला आणि म्हणाली, "होडी काढ. हेझचा हात पहिला लागला तर एलिशा त्याच्यासमोर तोंड उघडणार नाही. पाणी उतरेल, रात्र होईल, उघडणार नाही. मी ओळखते त्याला."

माझ्या होडीचं इंजिन विनवण्या केल्याशिवाय सुरू होत नाही. त्या दिवशी आत्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि ते सुरू झालं. तोवर हेझ काका खोल पाण्यातून लांबचा वळसा घेत निम्म्यावर पोचले होते. आत्या म्हणाली, सरळ घाल, वाळूवरून. मी म्हटलं रुतू. म्हणाली, तू घाल. मी घातली. रुतलो. आणि आत्या झगा दोन्ही हातांनी वर धरून होडीतून खाली उतरली आणि चालायला लागली!

वाळूवर पाणी मांडीपर्यंत होतं. निळा एप्रन मागे तरंगत होता. हेझ काकांनी ते बघितलं, ईर्षेने त्यांनीही होडी वाळूवर घातली, तीही रुतली, तेही उतरले. दोघंही साठीच्या पुढचे, समुद्राच्या मध्यात, एकमेकांकडे न बघता, बाजार बंद व्हायच्या आत पोचायचंय असे भराभर चालत होते.

"ऑर्लीन," काका धापा टाकत म्हणाले, "हे नवरीचं काम नाही."

"मग नवऱ्याचं आहे का? तो बघ तिथे बसलाय."

काका पुढे निघाले. खरं सांगतो, ते पुढे निघाले होते. चार पावलं राहिली असतील. तेवढ्यात आत्याचा एक बूट वाळूत अडकून सुटला आणि पाण्यावर येऊन काकांच्या पुढून चालला. काका बूट पकडायला वाकले. वर बघतात तो आत्याचा तळवा बोटीच्या अंगावर टेकलेला. काका वाहतं सामान उचलायच्या सवयीने वाकले की मुद्दाम, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

होड्या गोल करून थांबल्या. इंजिनं बंद झाली. आत्याने मान वर केली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"कप्तान, जहाज कसं लागलं?"

कप्तान एलिशा काठी ठेवून उठले. टोपी काढली. सुकाणू बिघडलं म्हणता आलं असतं, वारा म्हणता आलं असतं. वारा नव्हता, पण बेटाने मान डोलावली असती.

"घरावरून लागलं," ते म्हणाले.

"कुठल्या घरावरून?"

"तुझ्या. ही बोट घेतली तेव्हापासून शिखराखाली तुझं घर धरून आत येतो. दुसरी खूण मला माहीत नाही."

"सरकारने दिवे लावलेत, एलिशा."

"असतील. मी तुझ्या घराकडे बघत असतो."

कुणाच्या तरी होडीत कुणीतरी नाक ओढलं. आत्याचा तळवा बोटीवरच होता.

"मग मासे पकडत का बसलास?"

"लाज वाटली. शिवाय मघाशी तू पांढऱ्या झग्यात बाहेर कठड्यापाशी आलीस, मी हात केला. तू पाठ फिरवून आत गेलीस. मला वाटलं, रागावली. ती बघ, पुन्हा कुणीतरी आलंय बाहेर."

सगळ्या बेटाने मान वळवून त्यांच्या बोटाच्या दिशेने बघितलं. खुराड्याच्या कठड्यावर हेझ काकांची पांढरी कोंबडी उभी होती. तिने आमच्याकडे बघितलं, पाठ फिरवली आणि आत गेली.

मग सगळ्या बेटाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रुतलेल्या जहाजाला कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

आत्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. बोटीला धरून, कंबरेत वाकून, एप्रनने डोळे पुसत, एकोणीस वर्षांचं साठलेलं हसत होती. हसू आवरल्यावर फुटीच्या मास्तरने पहिला हुकूम सोडला, "पास्टरना वर घ्या. पाणी अजून चढतंय."

लग्न कललेल्या बोटीवर लागलं. सगळे वऱ्हाडी एका अंगाला रेलून उभे, पास्टर एका हाताने पुस्तक आणि एका हाताने डोलकाठी धरून. नवरी एका बुटावर. हेझ काकांनी दुसरा बूट खिशातल्या रुमालाने पुसून तिच्या पायाशी ठेवला आणि मागे जाऊन उभे राहिले. कप्तान "हो" म्हणाले. आत्या "हो" म्हणाली. आणि त्याच क्षणी बोटीच्या अंगावर शहारा आला, ती उठली, सरळ झाली, आणि एका अंगाला रेललेलं सगळं बेट दुसऱ्या अंगाला जाऊन पडलं. पास्टरांनी उरलेला मजकूर खुर्च्यांखालून वाचला. पण चढत्या पाण्यात वाचला!

काय तो जल्लोष. कुणी होड्या मागे बांधल्या, कुणी केक वर आणला, खलाशी कांद्यांमागून बाहेर आले. भरती अगदी काठोकाठ भरली होती. कप्तानांनी सुकाणू हातात घेतलं, शेजारी आत्या, डोक्यावर कप्तानांची टोपी.

"एलिशा, जरा डावीकडे," आत्या म्हणाली.

"ऑर्लीन, या बंदरात मला कुणी वाट दाखवलेली नाही."

ते हसत होते. बायकोच्या खांद्यावर हात होता, पुढे घर होतं. वर शिखर, खाली उन्हात चमकणारं गुलाबी...

या वेळी बोट इतक्या जोरात लागली की केक आपण होऊन आमच्याकडे आला.

भरती काठोकाठ भरल्यावर रुतलं की पाणी आणखी चढत नाही. ते फक्त उतरतं. ते उतरलं. आमच्या मागे बांधलेल्या होड्याही वाळूवर बसल्या. सगळं बेट बोटीवर, बेटावर फक्त कोंबड्या. आता फुटीचा मास्तर कोण, यावर वाद सुरू झाला, कारण नियम पहिल्या हाताचा आहे आणि इथे सगळ्यांचेच पाय आधीपासून बोटीवर होते. तो वाद केक संपेपर्यंत चालला. पास्टर म्हणाले, बाईने मघाशी लावलेला हात अजून काढलेला नाही, तेव्हा मास्तर तीच. हे बरोबर होतं. फक्त आता तो हात कप्तानांच्या हातात होता.

मिस फिओना रेलिंगला टेकून म्हणाली, इतका इतिहास तिने कुठेच बघितला नाही. पूर्वी पण असंच करायचे का? मी म्हटलं, अगदी असंच.

दुसऱ्या दिवशीच्या पाण्याने आम्ही घरी आलो. आत्याने लग्नानंतर दोन कामं केली. पहिलं, माझ्याकडून घर पुन्हा गुलाबी करून घेतलं. कप्तान बोट बाहेर उभी करून रेडिओवरून सांगायचे, अजून गडद, अजून गडद, आणि प्रत्येक स्वयंपाकघरातून मला सूचना यायच्या. खुराडंही पांढरं केलं. कोंबड्यांनी दोन आठवडे अंडी दिली नाहीत, तो दोषही माझ्याकडे आला.

दुसरं, तिने कप्तानांना नासाउला नेऊन दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आणले.

परवा ते परत आले. मी नुकताच शेवटचा हात मारून शिडीवर बसलो होतो. कप्तान जेटीवर उतरले, चष्मा पुसला, घराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत्याकडे बघितलं, तिच्याकडे मात्र समाधानाने बघितलं. मग पुन्हा घराकडे.

"ऑर्लीन," ते म्हणाले, "हे असं भडक होतं? पांढरं का नाही करत आपण?"

आत्या म्हणते, मुळीच नाही. कप्तान म्हणतात, निदान दारं तरी. दोघांचं अजून ठरत नाहीये.

मी शिडीवरच आहे.